युद्धविषयक अनुबोधपट : पुरावा आणि प्रत्यय

१

युद्ध प्रत्यक्ष पाहिलेली माणसे कोणत्याही समाजात थोडी असतात. युद्धाविषयी ठाम मत असलेली माणसे मात्र पुष्कळ असतात. ही मते कोठून येतात, या प्रश्नाला पूर्वी बखर, पोवाडा, कीर्तन, शालेय पाठ्यपुस्तक आणि ऐतिहासिक कादंबरी अशी उत्तरे देता येत असत. विसाव्या शतकात या साधनांत युद्धविषयक अनुबोधपटाची भर पडली. कथापट पाहताना आपण कोणीतरी रचलेली गोष्ट पाहत आहोत, याचे भान प्रेक्षकाला असते. अनुबोधपट पाहताना ते भान सैल होते. कारण हे घडले आणि कॅमेऱ्याने ते टिपले, अशी अनुबोधपटाची मूळ प्रतिज्ञा असते. प्रेक्षक त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहतो. परंतु अनुबोधपट संपल्यावर त्याच्या मनात जे उरते ते पुराव्याच्या स्वरूपाचे क्वचितच असते. एखादा चेहरा, धुरात नाहीशी होणारी एखादी तुकडी, निवेदकाच्या आवाजातील एखादा चढउतार एवढेच त्याच्या स्मरणात राहते. वाङ्मयविचारात ज्याला आपण प्रत्यय म्हणतो तो हाच. पुरावा म्हणून स्वीकारलेली गोष्ट प्रत्यय म्हणून मनात मुरते आणि पुढे मत म्हणून बाहेर येते, ही प्रक्रिया कशी घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतपूर्व काळातील अस्सल पत्रांच्या आधारे त्यांनी बखरींची कठोर तपासणी केली. बखरीतील काळ, स्थळ, संख्या, व्यक्ती यांतील चुका त्यांनी दाखविल्या. त्यानंतर बखरीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी मराठीत स्थिरावल्या. इतिहासकाराने तिच्यातील तपशील पडताळल्यावाचून घेऊ नये, ही पहिली. त्या काळाने आपल्या पराक्रमाचा आणि पराभवाचा अर्थ कसा लावला, हे समजून घेण्यासाठी बखर वाचावी, ही दुसरी. र. वि. हेरवाडकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी बखरवाङ्मयाचा जो विचार केला, त्यामुळे ही दुसरी दृष्टी अधिक दृढ झाली. अनुबोधपटाच्या बाबतीत अशा दुहेरी दृष्टीची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. बुराडी घाटावर १७६० साली दत्ताजी शिंदे यांनी काढलेले म्हणून सांगितले जाणारे अखेरचे उद्गार प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असतात. ते ऐकणारा कोण होता, हा प्रश्न अभ्यासक विचारतो. पडद्यावरील युद्ध पाहताना त्याच जातीचा प्रश्न, म्हणजे कॅमेरा कोठे होता, हा मात्र सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारल्याने काय हाती लागते, हे पाहण्यासाठी एका चित्रपटाचा आणि त्याच्या दीर्घ उत्तरायुष्याचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

२

फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात १ जुलै १९१६ रोजी ब्रिटिश सैन्याने जर्मन फळीवर हल्ला केला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्यातील ५७,४७० माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. त्यांपैकी १९,२४० मृत होती. या हल्ल्याची पूर्वतयारी, प्रत्यक्ष दिवस आणि त्यानंतरचे काही दिवस यांचे चित्रण जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल या दोन छायाचित्रकारांनी केले. त्यातून सिद्ध झालेला ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा पाच रिळांचा मूकपट ऑगस्ट १९१६ मध्ये लंडनमध्ये आणि नंतर सर्व ब्रिटनभर प्रदर्शित झाला. लढाई त्या वेळी संपलेली नव्हती. ती नोव्हेंबरपर्यंत चालू राहिली. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली, असे मानले जाते. ज्यांचे मुलगे आणि पती त्या क्षणी आघाडीवर होते, अशी माणसे चित्रपटगृहात बसून आघाडी पाहत होती. हा अनुभव मानवी इतिहासात नवा होता.

मृत सैनिकांची चित्रे करमणुकीच्या जागी दाखविणे योग्य आहे काय, असा वाद तेव्हाच उद्भवला. डरहॅमच्या डीनने ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपला निषेध नोंदविला. त्यावर युद्धात आपली माणसे गमावलेल्या काही जणांनी उलट उत्तर दिले. आमच्या माणसांनी काय सोसले ते आम्हाला पाहू द्या, असा त्याचा आशय होता. या वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती. पडद्यावर दिसते ते युद्धच आहे, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

त्या चित्रपटातील बहुतेक चित्रण खरोखरच आघाडीवरील आहे. हॉथॉर्न टेकडीखालील प्रचंड सुरुंगाचा स्फोट, हल्ल्यापूर्वी खोलगट वाटेत दाटीवाटीने बसलेले लँकेशायर फ्युझिलियर्स पलटणीचे सैनिक, जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन खंदकातून जाणारा सैनिक, ही दृश्ये अस्सल आहेत. मात्र प्रेक्षकांना ज्या दृश्याने सर्वाधिक हादरविले ते अस्सल नव्हते. खंदकातून सैनिक वर चढतात. त्यांतील एक कठड्यावरच कोसळून मागे घसरतो. पुढच्याच तुकड्यात काटेरी तारांमधून धुराकडे जाणाऱ्या सैनिकांपैकी काही जण खाली पडतात. एवढेच ते दृश्य. पंचाहत्तर मिनिटांच्या आसपास चालणाऱ्या चित्रपटात ते जेमतेम मिनिटभराचे असेल. आघाडीच्या मागे, सैनिकी शिक्षणाच्या जागी ते रचून घेतले असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. खंदक पुरेसा खोल नाही. हल्ला करणाऱ्या सैनिकांच्या पाठीवर जे ओझे असावयास हवे ते येथे दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॅमेरा ज्या ठिकाणी उभा आहे तेथे प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी छायाचित्रकार जिवंत राहणे दुरापास्त होते. १९९३ साली रॉजर स्मिदर यांनी या प्रश्नाचा साक्षेपी ऊहापोह केला. चित्रपटातील बनावट भाग फारच थोडा आहे, हेही त्यांच्या विवेचनातून तितकेच स्पष्ट झाले.

असे दृश्य का रचावे लागले, याचे उत्तर कपटात शोधण्यापेक्षा त्या काळच्या यंत्रात शोधणे अधिक न्याय्य ठरेल. तिपाईवर बसविलेला, हाताने दांडा फिरवून चालविण्याचा अवजड कॅमेरा घेऊन हल्ल्याचा क्षण जवळून टिपणे अशक्यप्राय होते. मॅलिन्सने दुरून घेतलेल्या अस्सल चित्रणात माणसे मुंगीएवढी दिसतात आणि त्यांची हालचाल डोळ्यांना मोठ्या कष्टाने सापडते. म्हणजे पुरावा हाताशी होता. परंतु त्यातून प्रत्यय येत नव्हता. प्रत्ययाची ही उणीव भरून काढण्यासाठी दृश्य रचले गेले. बखरकाराने वीराच्या मुखी संवाद घालावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

३

या दृश्याचे खरे सामर्थ्य त्याच्या उत्तरायुष्यात दिसून येते. कठड्यावरून घसरणारा तो सैनिक पुढील दशकांत असंख्य अनुबोधपटांत पुनःपुन्हा पडत राहिला. काही ठिकाणी तो सोमचा सैनिक म्हणून आला, तर काही ठिकाणी पहिल्या महायुद्धातील कोणताही सैनिक म्हणून. अनुबोधपटाच्या निर्मितीपद्धतीचा हा अपरिहार्य परिणाम होय. दिग्दर्शकाला निवेदनातील प्रत्येक वाक्यासाठी चित्र हवे असते. अभिलेखागारात सर्व चित्रे असत नाहीत. मग जवळपासचे चित्र उसने घेतले जाते. उसन्या चित्राला निवेदन नवा पत्ता देते, आणि काही काळाने मूळ पत्ता पुसला जातो. हस्तलिखितांच्या नकला होत असताना पाठात जे घडते तेच येथे घडते. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला ही गोष्ट सहज उमगेल.

बी.बी.सी.ने १९६४ साली ‘द ग्रेट वॉर’ ही सव्वीस भागांची मालिका सादर केली. दूरचित्रवाणीवरील युद्धविषयक मालिकांचा पुढचा सारा साचा तिने घडविला, असे म्हणण्यास हरकत नाही. निवेदकाचा गंभीर आवाज, जुनी चित्रणे, वयोवृद्ध सैनिकांच्या मुलाखती, पत्रांचे वाचन आणि पार्श्वसंगीत ही पंचसूत्री तेथून रूढ झाली. या मालिकेला इंपीरियल वॉर म्युझियमचे साहाय्य होते. तरीही संग्रहालयाचे तत्कालीन संचालक नोबल फ्रँकलंड यांनी, रचलेली चित्रणे अस्सल चित्रणांत मिसळून कोणतीही सूचना न देता दाखविण्यास हरकत घेतली. हा वाद वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु राजवाडे यांनी अस्सल कागद आणि बखर यांत जो भेद केला, तोच भेद चित्राच्या क्षेत्रात करावा, अशी ती मागणी होती. १९७३-७४ मधील ‘द वर्ल्ड ॲट वॉर’ या दुसऱ्या महायुद्धावरील मालिकेत चित्रांची अस्सलता तपासण्याकडे अधिक कटाक्षाने लक्ष दिले गेले, त्यामागे या वादाची पार्श्वभूमी होती.

‘द ग्रेट वॉर’च्या बाबतीत आणखी एक बोधप्रद गोष्ट घडली. तिच्या प्रमुख लेखकांपैकी जॉन टेरेन हे ब्रिटिश सेनापती डग्लस हेग यांचे समर्थक होते. युद्ध अटळ होते, ते जिंकावयाचेच होते आणि सेनापती मूर्ख नव्हते, अशी त्यांची भूमिका होती. तिची छाया संहितेवर पडली होती. प्रेक्षकांवर झालेला परिणाम मात्र निराळा होता. चिखल, छिन्न झालेली झाडे, प्रेते आणि वृद्ध सैनिकांचे ओलावलेले डोळे पाहून अनेकांनी युद्ध निरर्थक होते असाच निष्कर्ष काढला. लेखकाने मांडलेला युक्तिवाद चित्रांच्या भाराखाली दबून गेला. अण्वस्त्रांच्या सावलीत जगणाऱ्या १९६०च्या दशकातील प्रेक्षकाने आपल्या काळाची भीती त्या जुन्या चित्रांत पाहिली, हेही त्याचे एक कारण संभवते. अनुबोधपट भूतकाळाविषयी बोलत असतो; ऐकणारा मात्र वर्तमानकाळात बसलेला असतो. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी मत तयार होते. तेव्हा अनुबोधपट प्रेक्षकाला हवे तसे वळवितो, हे विधान अर्धेच खरे आहे. त्याने पेरलेले एक आणि उगवले दुसरेच, असेही घडते.

४

सोमच्या चित्रणाचा तिसरा जन्म २०१८ साली झाला. महायुद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त पीटर जॅक्सन यांनी ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ हा अनुबोधपट तयार केला. इंपीरियल वॉर म्युझियममधील जुन्या चित्रणांची गती संगणकाच्या साहाय्याने समान करण्यात आली, त्यांना रंग देण्यात आले, आणि ओठांच्या हालचाली वाचू शकणाऱ्या तज्ज्ञांच्या मदतीने मूक सैनिकांना बोलते करण्यात आले. निवेदक असा कोणी नाही. आवाज आहेत ते सैनिकांचेच. त्यांतील काही आवाज १९६४च्या मालिकेसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींतील आहेत. लँकेशायर फ्युझिलियर्स पलटणीचे तेच सैनिक त्याच खोलगट वाटेत बसलेले येथे रंगांत दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावरील भीती प्रथमच स्पष्ट दिसते, असे प्रेक्षकाला वाटते.

हा परिणाम विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि येथे तीन निरनिराळ्या काळांचे साहित्य एकजीव झाले आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. चित्र १९१६ च्या सुमाराचे, आवाज त्यानंतर पन्नास वर्षांनी आठवून बोलणाऱ्या वृद्धांचा आणि रंग एकविसाव्या शतकातील संगणकाचा. गणवेशाचा रंग अभ्यासाने निश्चित करता येतो. चेहऱ्यावरील कांतीचा रंग ही शेवटी कल्पनाच असते. जॅक्सन यांनी एका बाबतीत संयम पाळला, तो उल्लेखनीय आहे. प्रत्यक्ष हातघाईचे चित्रण उपलब्ध नसल्याने त्या प्रसंगी त्यांनी त्या काळच्या सचित्र नियतकालिकांतील रेखाचित्रांचा उपयोग केला. चित्रण नाही, हे त्यामुळे न सांगताही कळते. १९१६ साली जी पोकळी रचलेल्या दृश्याने भरली गेली, ती येथे पोकळी म्हणून काही अंशी तरी शिल्लक ठेवली आहे.

पोकळीचा विचार येथे अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे. कारण अनुबोधपट जे दाखवितो त्याइतकेच, त्याला जे दाखविता येत नाही त्यानेही आपले मत घडते. पहिले महायुद्ध म्हटले की सोम, फ्लँडर्स, चिखल आणि खंदक हेच चित्र जगभरच्या सुशिक्षितांच्या मनात उभे राहते. भारतातील सुशिक्षितही त्याला अपवाद नाहीत. वास्तविक त्या युद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक आणि कामगार परदेशी गेले, आणि त्यांतील सर्वांत मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होता. तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की सैन्याचा वेढा पडला होता. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्या वेढ्यात अडकल्या होत्या. उपासमारीने हैराण झालेल्या सुमारे १३,००० माणसांना शरण जावे लागले, आणि त्यानंतरच्या कैदेत व पायपिटीत त्यांतील पुष्कळ जण मरण पावले. सोमचा हल्ला त्यानंतर दोनच महिन्यांनी झाला. सोमला दोन छायाचित्रकार लाभले. कुतच्या वेढ्याला तसा चित्रपट लाभला नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ सैनिकांचे स्मारक आहे. त्या दगडावरील अंक हाच त्या गावाचा अनुबोधपट होय. ज्या युद्धाचे चित्र नाही ते युद्ध जगाच्या स्मरणात गौण ठरते, आणि ज्यांचे चित्र नाही ते सैनिक आपल्याच देशाच्या स्मरणात परके होतात.

काही वेळा पोकळी मुद्दाम निर्माण केली जाते. आलँ रेने यांच्या ‘नुई ए ब्रुइयार’ या नाझी छळछावण्यांवरील १९५६ च्या अनुबोधपटात एक जुने छायाचित्र होते. पिथिव्हिए येथील छावणीवर देखरेख करणाऱ्या फ्रेंच पोलिसाची टोपी त्यात दिसत होती. फ्रेंच अभ्यवेक्षण मंडळाने तिला आक्षेप घेतला, आणि अखेर ती टोपी रंगाने झाकावी लागली. ज्यूंच्या पाठवणीत फ्रेंच प्रशासनाचा हात होता, हे सत्य त्या एका टोपीत सामावले होते. पुढील काळात ही टोपी पुन्हा उघड करण्यात आली. चित्रातील एवढासा तपशील राज्यसंस्थेला इतका जाचक वाटावा, यावरून अनुबोधपटाच्या सामर्थ्याची कल्पना येते.

५

चित्रानंतर आवाजाचा विचार करावयास हवा. युद्धविषयक अनुबोधपटातील पारंपरिक निवेदक पडद्यावर दिसत नाही. तो कोण आहे, हे सांगितले जात नाही. तो कोठून बोलतो, तेही कळत नाही. त्याच्या स्वरात शंकेला जागा नसते. आपल्याकडे १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जात. देशाची युद्धे एका संपूर्ण पिढीने या वार्तापटांतून पाहिली. त्यांतील निवेदकाचा भारदस्त स्वर त्या पिढीच्या कानात आजही असेल. हा स्वर राज्यसंस्थेचा होता, आणि म्हणून त्यात प्रश्न नव्हते. ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिने साठविलेले चित्रण मात्र पुढील काळातील प्रत्येक दिग्दर्शकाला उसने घ्यावे लागणार आहे. ते घेताना मूळ निवेदनाचा हेतूही लक्षात घ्यावा लागेल.

याच्या उलट टोकाला आनंद पटवर्धन यांचा ‘जंग और अमन’ हा २००२ मधील अनुबोधपट उभा आहे. १९९८ सालच्या भारत आणि पाकिस्तान यांच्या अणुचाचण्यांनंतरचा उन्माद, दोन्ही देशांतील शांततावादी माणसे आणि जपानमधील अणुहल्ल्याची स्मृती असा त्याचा विस्तार आहे. येथील निवेदक अदृश्य राहत नाही. तो प्रथमपुरुषी बोलतो, गांधीहत्येपासून प्रारंभ करतो, आपले घर आणि आपला पक्ष सांगतो. हा अनुबोधपट एकांगी आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. अभ्यवेक्षण मंडळाने त्यात अनेक काटछाटी सुचविल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली तो काटछाटीविना दाखविण्यास अनुमती दिली. एकांगीपणाच्या आक्षेपाचा निर्णय प्रत्येक प्रेक्षकाने स्वतः करावा. निवेदनाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. ज्या निवेदकाने आपली जागा सांगितली आहे, त्याच्याशी वाद घालणे प्रेक्षकाला शक्य होते. ज्याने ती लपविली आहे त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्याचे मत माहिती म्हणून मनात उतरते. तटस्थतेचा स्वर हा तटस्थतेचा पुरावा असत नाही.

६

आतापर्यंतचे विवेचन भूतकाळातील युद्धांविषयीचे झाले. वर्तमान युद्धांकडे पाहण्याची आपली दृष्टीही याच प्रक्रियेतून घडते. किंबहुना येथे ती अधिक वेगाने कार्य करते. १९९१ सालच्या आखाती युद्धात बॉम्बच्या अग्रभागी बसविलेल्या कॅमेऱ्यांची चित्रणे जगभर दाखविली गेली. इमारत मोठी होत जाते, पडदा पांढरा होतो आणि चित्र संपते. भारतातील अनेक शहरांत उपग्रह वाहिन्यांचा पहिला परिचय याच युद्धाच्या निमित्ताने झाला. या चित्रणांत बनावट काहीही नव्हते. तरीही त्यांतून निर्माण झालेला, आधुनिक युद्ध अचूक आणि जवळजवळ रक्तहीन असते, हा समज खोटा होता. कारण त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी अचूक मार्गदर्शन असलेले बॉम्ब दहा टक्क्यांहून कमी होते. उरलेल्या बॉम्बना कॅमेरे नव्हते. सोमच्या बाबतीत बनावट चित्राने खऱ्या गोष्टीचा, म्हणजे हल्ल्यातील मृत्यूचा, प्रत्यय दिला. आखाती युद्धात अस्सल चित्राने खोट्या गोष्टीचा प्रत्यय दिला. चित्र अस्सल आहे की बनावट, या एकाच प्रश्नावर थांबून भागत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. कॅमेरा कोणाच्या बाजूने आणि कोणत्या उंचीवरून पाहत होता, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

मस्तिस्लाव चेर्नोव यांचा ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ हा २०२३ सालचा अनुबोधपट या संदर्भात विशेष विचारात घ्यावा लागतो. २०२४ साली त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर मारिउपोल या बंदराच्या शहराला वेढा पडला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काम करणारे चेर्नोव आणि त्यांचे सहकारी तेथे राहून चित्रण करीत होते. ९ मार्च २०२२ रोजी प्रसूतिगृहावर हल्ला झाला. स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या गर्भवती स्त्रीचे चित्र जगभर पोहोचले. ती स्त्री आणि तिचे मूल दोघेही वाचले नाहीत. रशियाच्या अधिकृत प्रवक्त्यांनी मात्र हे चित्र रचलेले आहे, त्यात नटनट्या आहेत, असा दावा केला.

चेर्नोव यांच्या अनुबोधपटाची रचना या दाव्याला उत्तर देणारी आहे. प्रथम घटनास्थळीचे लांब, अडखळणारे चित्रण दिसते. मग त्यातीलच काही सेकंद निरनिराळ्या देशांच्या वाहिन्यांवर बातमी म्हणून कसे झळकले, ते दिसते. आणि मग तो आरोप ऐकू येतो. छायाचित्रकार पुन्हा रुग्णालयात जाऊन त्या स्त्रियांचा शोध घेतात, डॉक्टरांशी बोलतात. चित्रण आणि त्यातून कापून घेतलेली बातमी यांतील अंतर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवले जाते. येथेही निवेदक प्रथमपुरुषी आहे, आणि कॅमेरा कोठे होता, या प्रश्नाचे उत्तर हाच अनुबोधपटाचा गाभा आहे.

१९१६ आणि २०२२ ही दोन टोके एकमेकांशेजारी ठेवली असता एका शतकातील बदल लक्षात येतो. १९१६ चा प्रेक्षक रचलेला मृत्यू खरा मानून रडला. २०२२ च्या जगात खरा मृत्यू रचलेला म्हणून नाकारला गेला. या दोन घटनांत संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. चित्रे रचली जातात, उसनी घेतली जातात, त्यांचे पत्ते बदलले जातात, हे ज्ञान आता सर्वसामान्य झाले आहे. या ज्ञानाचा उपयोग अभ्यासक चिकित्सेसाठी करतो; आक्रमक त्याचाच उपयोग नकारासाठी करतो. विश्वासू प्रेक्षक फसविला जातो, हे खरे. सरसकट अविश्वास बाळगणारा प्रेक्षकही फसविलाच जातो. फक्त फसविणारा बदलतो. आता तर छायाचित्रणाची गरजच न ठेवता संगणकाच्या साहाय्याने हुबेहूब दृश्ये निर्माण करता येतात. त्यामुळे नकार देऊ इच्छिणाऱ्याचे काम अधिक सोपे झाले आहे.

७

अशा स्थितीत युद्धविषयक अनुबोधपट पाहण्याची काही शिस्त ठरविणे अगत्याचे आहे, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. बखरवाङ्मयाच्या अभ्यासाने मराठीत जी शिस्त निर्माण केली तिचेच प्रश्न येथे उपयोगी पडतात. साक्षीदार कोठे उभा होता? त्याने पाहिले केव्हा आणि सांगितले केव्हा? कोणाच्या आज्ञेवरून वा आश्रयाने सांगितले? त्याच्या कथनात इतरांचे काय मिसळले आहे? आणि त्याला जे सांगता आले नाही ते अन्य कोणत्या साधनाने कळू शकेल? कॅमेऱ्याची जागा, चित्रणाचा दिवस, निर्मितीचा खर्च करणारी संस्था, उसनी चित्रे आणि चित्र नसलेली रणक्षेत्रे असे या प्रश्नांचे अनुबोधपटाच्या परिभाषेत रूपांतर करता येते. इतिहासाच्या वर्गात अनुबोधपट दाखविण्याची प्रथा वाढत असताना, तो संपल्यावर हे पाच प्रश्न विचारण्याची प्रथाही पडावयास हवी.

या चिकित्सेने प्रत्यय उणावेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. राजवाड्यांच्या तपासणीनंतरही बखर वाचली जाते. तिच्यातील पानिपत अद्यापही वाचकाला अस्वस्थ करते. फरक एवढाच, की आता वाचकाला ती अस्वस्थता आणि माहिती वेगवेगळी धरता येते. सोमच्या चित्रपटातील तो खोटा मृत्यू खोटा म्हणून ओळखल्यावर आपले लक्ष त्याच चित्रपटातील खोलगट वाटेकडे वळते. तेथे काही सैनिक कॅमेऱ्याकडे पाहतात, एखादा ओशाळवाणे हसतो, एखादा नजर चुकवितो. त्यांतील अनेक जण त्यानंतर थोड्याच वेळात मारले गेले. हे दृश्य रचलेले नाही. त्यात कोणी पडत नाही, धूर नाही, काही घडतच नाही. रचलेल्या दृश्याच्या प्रभावामुळे कित्येक वर्षे त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. अस्सल आणि बनावट यांची निवड केल्यानंतर ते दिसू लागते, आणि ते पाहिल्यावर युद्धाविषयी जे मत बनते त्याला पुराव्याचा आधार असतो.